थेंबभरही रक्त न सांडता

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. लेंगुआच्या लाकडाचा, सहा फूट लांब. चार पायांतला एक पाय खिळे ठोकून कसाबसा जागेवर ठेवलेला आहे. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला माझी तीस वर्षं गेली. लोक चेंडू लक्षात ठेवतात, गोलचे खांबही लक्षात ठेवतात. बाकाला कोण विचारतो? माझ्यावर बसतो तो खेळायला न घेतलेला, म्हणजे आधीच रुसलेला. तरी आज मी बोलणार आहे. जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि पुढचं तर माझ्या पाठीवर.

आमचं गाव हातुमेरी, मालुकूतल्या एका बेटाच्या काठावर. होडीने पाऊण तास गेलं की पलीकडच्या बेटावर वायसेला. आम्ही मशिदीत जाणारे, ते चर्चमध्ये. आणि ही दोन्ही गावं एकमेकांची पेला. पेला म्हणजे पणजोबांच्याही पणजोबांनी घेतलेली शपथ. पेलाचं रक्त सांडायचं नाही, आणि पेलाने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. वायसेलाचा माणूस आमच्या दारातल्या आंब्याखाली थांबून नुसतं म्हणाला, "पेला, आंबे काय लगडलेत हो यंदा!" की निमूट टोपली भरून द्यायची. कुरकुर करायची ती तो गेल्यावर, घरात.

आमच्या मशिदीचं छप्पर घालायचं होतं तेव्हा वायसेलाची माणसं होड्या भरून लाकूड घेऊन आली. महिनाभर राहिली, राबली, आमची साबुदाण्याच्या पिठाची चिकट पेज, पापेदा, आणि मासे जेवली. मजुरी विचारायची सोयच नव्हती, तो अपमान झाला असता. काम संपल्यावर एक फळी उरली. त्यांचे सुतार होते तेते ओत. तेते म्हणजे आजोबा. त्यांनी त्या फळीतून मला घडवलं. म्हणाले, "तुमची राखीव पोरं वाळूत बसतात. बूड गार पडतं, मग आत गेल्यावर पळणार कशी?" असा मी तिकडच्या जंगलातला आणि इकडच्या मैदानातला झालो. दोन्ही गावांचा म्हणा, किंवा धड एकाचाही नाही म्हणा.

माझ्या डाव्या टोकाला बापा ताहेर बसायचे. शाळेतले निवृत्त मास्तर आणि संघाचे प्रशिक्षक. तिथली फळी त्यांच्या बसण्याने आरशासारखी गुळगुळीत झाली आहे. गोल झाला की ते माझ्यावर बोटांची हाडं आपटायचे, गोल चुकला तरी आपटायचे. माझ्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

त्यांनी शिकवलेला खेळ मात्र बघत राहावा असा. आमची पोरं ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर खेळत मोठी झालेली. चेंडू जरा लांब गेला की समुद्रात. त्यामुळे चेंडू पायाला चिकटून, पास छोटे, आणि समोरच्याला कळायच्या आत पोरगं त्याच्या बगलेखालून पसार. आजूबाजूच्या गावांतली माणसं खास होडी करून बघायला यायची. मला तेव्हा किती मिरवावंसं वाटायचं, काय सांगू!

पण करंडक काही येईना. दरवर्षी लवंगांचा हंगाम संपला की बेटांची स्पर्धा व्हायची, आणि लागोपाठ चार वर्षं आम्ही बंदराच्या संघाकडून हरलो. ती गोदीतली माणसं. आमची पोरं त्यांच्या काखेत मावतील. खांद्याचा एक धक्का, आणि आमचा पोरगा चेंडू सोडून चुन्याच्या रेघेबाहेर. चौथ्या वर्षानंतर तर बंदरावरच्या कोळणीसुद्धा आमच्या माणसांना टोमणे मारू लागल्या, "हातुमेरीचे का तुम्ही? छान नाचता हं!"

त्याच वर्षी रिफाई परत आला. आमचाच बचावपटू. जावात एका मोठ्या क्लबच्या दुसऱ्या संघात दोन वर्षं काढून आला होता. येताना मिशी घेऊन आला आणि चालण्याची नवी ढबही. एके दिवशी दुपारच्या नमाजानंतर सगळे माझ्याभोवती जमले आणि त्याने विषय काढला.

"बापा, राग मानू नका. पण आपण सुंदर हरतो. दरवर्षी सुंदर हरतो."

"मग काय कुरूप जिंकायचं?" बापा ताहेर म्हणाले.

"जिंकून तर बघू. कसं दिसतं ते मागाहून ठरवू."

पोरं फिदीफिदी हसली. रिफाई हसला नाही. "खांदा लावणं नियमात आहे, बापा. घसरत जाऊन चेंडू काढणं नियमात आहे. समोरच्याला आपला धाक वाटलाच पाहिजे. आपण अर्धेच नियम खेळतो आणि उरलेले अर्धे दुसऱ्यांना आंदण देतो."

मित्रांनो, तो खोटं बोलत नव्हता. मलाही ते पटलं, मी कशाला लपवू?

नेने नुरजिया शेजारीच तेलाची बाटली घेऊन बसल्या होत्या. नेने म्हणजे आजी. गावातल्या सगळ्यांचे पाय त्याच चोळायच्या, निखळलेली हाडं त्याच बसवायच्या. त्या फिस्कारल्या, "आणि मग रांग लावाल माझ्या दारात! हात दोनच आहेत रे मला. आत्ता गुडघे चोळते, पुढे काय बरगड्या मोजत बसू?"

बापा ताहेर सगळ्या पोरांना न्योंग म्हणायचे, म्हणजे पोरा. ते रिफाईला म्हणाले, "न्योंग, धक्का द्यायला मी शिकवीन. कुठे थांबायचं ते मला शिकवता येणार नाही. तू शिकवशील?"

"त्यात काय शिकवायचं? शिट्टी वाजली की थांबायचं."

बापांनी माझ्यावर बोटं आपटली. "बरं. एक वर्ष."

त्या वर्षी मला उभं केलं गेलं. खरोखरच, मित्रांनो. मला टोकावर उभं करून जुनी गादी बांधायचे आणि एकेक जण पळत येऊन खांद्याने धडकायचा. माझा मागचा पाय त्याच दिवसांत तडकला. पण मी रडलो नाही. गावासाठी आपणही काहीतरी सोसतोय याचा मला केवढा अभिमान! हळूहळू पोरांचे खांदे भरले, नजर बदलली. आणि रिफाईने एक नियम घालून दिला. सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत समोरच्या संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला एकदा जमिनीवर आणायचं. "मोडायचं नाही काही," तो म्हणायचा. "नुसतं कळवायचं, आम्ही आलोय म्हणून."

आम्ही जिंकायला लागलो. पहिला सामना, दुसरा, तिसरा. उपांत्य फेरीत बंदराच्या त्या धिप्पाड संघाला दोन-एकने लोळवलं, तेव्हा म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी वाळूत खेळणारी सात-आठ वर्षांची पोरं चेंडू बाजूला सोडून एकमेकांना धडका देताना दिसली. बापांनी ते पाहिलं, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण बोलले नाहीत. जिंकणाऱ्याला कोण बोलणार?

आणि अंतिम सामन्यात समोर कोण आलं? वायसेला.

तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कधी ते आधी बाद व्हायचे, कधी आम्ही. सामना आमच्याच मैदानावर होता. रिवाजाप्रमाणे ते आदल्या दिवशी आले, आमच्या घराघरांत उतरले, आमच्या पोरांच्या ताटाला ताट लावून जेवले. त्यांच्या मधल्या फळीत योपी म्हणून एक लहानखुरा मुलगा होता, तेते ओतांचा नातू. संध्याकाळी तो मैदानावर आला आणि माझ्यावर हात फिरवत बसला.

"आमच्या तेतेचं काम. ते गेले, हा अजून आहे." मग बापांकडे वळून म्हणाला, "मी लहान असताना तुमचा खेळ बघायला होडीतून यायचो, बापा. तुमच्याकडूनच शिकलो. घरी जाऊन वाळूत तेच करत बसायचो."

"मी पाहिलंय तुला खेळताना," बापा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"तुम्ही आता तसं खेळत नाही ना?"

त्याने सहज विचारलं होतं. बापा उठून गोलचे खांब तपासायला गेले.

सकाळी संघ माझ्याभोवती जमला. मान वर करून कोणी कोणाकडे बघेना. शेवटी रिफाईनेच विचारलं, "बापा, त्या दहा मिनिटांचं काय करायचं? पेला आहेत ते."

तेव्हा बापांनी नुसतं 'नको' म्हटलं असतं तर पोरांनी ऐकलं असतं. शपथेवर सांगतो, ऐकलं असतं. रिफाई तर त्या शब्दाची वाटच बघत होता, मला त्याच्या बसण्यावरून कळत होतं. पण चार वर्षांचे टोमणे त्या म्हाताऱ्याच्या कानात होते आणि करंडक हाताच्या अंतरावर. बापा मास्तर होते, शब्द नीट वाचणारे. म्हणाले, "शपथ रक्ताची आहे. पेलाचं रक्त सांडायचं नाही, एवढंच तिच्यात आहे. रक्त निघणार नाही याची काळजी घ्या."

"मास्तर!" नेने नुरजिया ओरडल्याच. "शपथेत पळवाट शोधता? लाज कशी नाही वाटत?"

"खेळ आहे, नेने. दीड तासाचा खेळ."

आणि मग आमच्या पोरांनी जी काळजी घेतली, ती आठवली की मला अजून कसंतरी होतं. बुटांचे लोखंडी खिळे काढून रबराचे लावले. नखं कापली. बोटांतल्या अंगठ्या काढल्या. रिफाईने तर नडगीच्या ढालीवर कापडाची जाड पट्टी गुंडाळली, चुकून कड लागू नये म्हणून. सगळे इतके मन लावून ते करत होते, जणू प्रार्थनेआधी हातपाय धूत होते. आपण शपथ पाळतोय असं त्यांना खरंच वाटत होतं. मलाही तसंच वाटलं.

आठव्या मिनिटाला योपी चेंडू घेऊन वळला. आमच्या दोघांना त्याने असं चकवलं की आमच्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिफाई समोरून आला. आधी खांदा, मग सगळं अंग, आणि योपीचा पाय खाली अडकलेला. आवाज झाला. मी लाकूड आहे, मित्रांनो, मोडण्याचा आवाज मला ओळखू येतो.

रिफाई वाकून योपीच्या पायाकडे बघू लागला. मोजा खाली केला, नडगी पाहिली, पोटरी पाहिली. मग दोन्ही हात वर करून लोकांना ओरडून सांगू लागला, "रक्त नाही! बघा, रक्त नाहीये! थेंबसुद्धा नाही!"

नेने नुरजिया धावत आल्या होत्या. पाय चाचपून म्हणाल्या, "गप बस, मेल्या. आतून दोन तुकडे झालेत."

मैदानावर स्ट्रेचर नव्हतं. त्यांनी मलाच उचललं. योपीला माझ्यावर आडवा केला, पाय गुंडाळला आणि चौघांनी मला होडीत ठेवलं, कारण इस्पितळ पलीकडच्या बेटावर, वायसेलाच्या बाजूला होतं. त्याची आई, उसी दोर्चे, त्याचं डोकं धरून माझ्याशेजारी बसली. रेफ्रीने रिफाईला पिवळं कार्ड दाखवलं आणि सामना पुढे सुरू केला.

आम्ही निम्म्या पाण्यात असताना मागच्या किनाऱ्यावरून एकच आरडाओरडा ऐकू आला. ढोल वाजले. योपीचे ओठ पांढरे पडले होते. तो म्हणाला, "गोल केला वाटतं त्यांनी."

उसी दोर्चेने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. त्याचा मोजा पांढरा होता. मी सगळीकडे बघितलं. त्याच्यावर खरंच एकही डाग नव्हता.

त्या एका गोलवर आम्ही करंडक जिंकला.

योपीचं हाड जुळलं, पण वाकडं. एक पाय आखूड राहिला. मला त्यांनी इस्पितळातून योपीच्या घरी नेऊन अंगणात ठेवलं. पंधरा दिवसांनी बापा ताहेर आणि आमच्या गावची वडीलधारी मंडळी रिवाजाप्रमाणे पांढरं कापड घेऊन माफी मागायला आली. उसी दोर्चेच्या स्वयंपाकघरात आमच्या गावच्या पाहुण्यांसाठी वेगळे कप आणि वेगळी ताटं होती, ज्यांना कधी निषिद्ध अन्न लागलेलं नव्हतं. त्याच कपांतून तिने चहा दिला. अदबीत काही कमी नव्हतं.

"तुम्ही मागाल ते देऊ," बापा म्हणाले. "जमीन मागा, होडी मागा. काहीही मागा."

"काही नको, बापा," उसी दोर्चे शांतपणे म्हणाली. "मागायचं कशासाठी? रक्त कुठे सांडलंय? शपथ मोडलेलीच नाही."

ती मंडळी उठली तेव्हा बापांना माझा आधार घ्यावा लागला.

पश्चिमेच्या वाऱ्यात वायसेलाच्या चर्चचे पत्रे उडाले. असं काही झालं की पहिला निरोप हातुमेरीला जायचा. या वेळी गेला नाही. लाकूड भलतीकडून आलं, माणसंही भलतीकडची. दुपारी माझ्यावर बसून ती भात खायची आणि आमच्या गावाचं नावसुद्धा निघायचं नाही. आमच्या लोकांना ते दुसऱ्यांकडून कळलं. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटतं तरी. जो आपल्याकडे काही मागतच नाही त्याच्याशी काय मिटवणार?

मला न्यायलाही कोणी आलं नाही. मला मागितलं असतं तर वायसेलाला नाही म्हणता आलं नसतं. पण मागायला तोंड लागतं, मित्रांनो. मी पावसात भिजलो, उन्हात तडकलो. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

वर्ष गेलं. लवंगांचा हंगाम आला. योपीच्या घरची अकरा झाडं, उंचच उंच, आणि ती सगळी तोच उतरवायचा. लवंगेची कळी फुलायच्या आत खुडावी लागते. फुलली की मातीमोल. शेजारीपाजारी आपापल्या झाडांवर होते, कोणाला उसंत नव्हती. योपी कुबडी घेऊन माझ्यावर बसायचा आणि वर बघायचा. कळ्या गुलाबी व्हायला लागल्या होत्या.

अशाच एका सकाळी बापा ताहेर आले. एकटेच अंगणात आले. किती वाळले होते! न सांगता माझ्या डाव्या टोकाला बसले.

"योपी, मी मागायला आलोय."

उसी दोर्चे दारात आली. "मागायला?"

"हो. तुम्ही मागत नाही, म्हणून मी मागतो. लाज सोडून मागतो. आमच्या पोरांना शिकव, न्योंग. तू खेळायचास तसं. मी ते घालवून बसलो. आता पोरं माझं ऐकतात, पण त्यांच्या अंगातून धक्का जात नाही."

योपीने कुबडी मातीत रोवली. "पेलाला नाही म्हणता येत नाही, हे माहीत आहे म्हणून आलात ना, बापा?"

"हो."

"मग हाही तसलाच धक्का झाला. नियमातला."

बापांची मान खाली गेली. माझ्यावर टपकन पाणी पडलं, तेव्हा मला कळलं की ते रडतायत. "खरं आहे," ते म्हणाले. "मी परत घेतो. मागितलंच नाही असं समज." ते उठले आणि काठाकडे चालू लागले.

योपीने त्यांना बरंच लांब जाऊ दिलं. मग हाक मारली, "बापा, होडीपाशी पाण्यात कोण उभा आहे?"

"रिफाई. वर यायची हिंमत होत नाही त्याची. फुटबॉल सोडलाय त्याने."

उसी दोर्चेने बाहीने तोंड पुसलं आणि आत निघून गेली. आत भांड्यांचा आवाज झाला. योपी कुबडीच्या टोकाने माती उकरत होता. शेवटी एवढ्या हळू बोलला की बापांना दोन पावलं परत यावं लागलं.

"त्याला झाडावर चढता येतं का?"

"येतं की."

"अकरा झाडं आहेत. चार दिवसांत फुलतील." त्याने मान वर केली. "मी मागतोय, बापा. पेला म्हणून मागतोय."

रिफाई पाण्यातून धावत आला. धडपडला, उठला, कोणाकडेही न बघता पहिल्या झाडाला भिडला.

मित्रांनो, तुमच्या संघाने अंगाने खेळावं की नाही, ते मी कोण सांगणार? मी बाक आहे. जोर लावून खेळण्यात पाप आहे असंही मला वाटत नाही. पण नियमात काय काय बसतं हे शोधत बसायची वेळ आली, की एकदा समोरच्याकडे नीट बघा. त्याच्या त्या पायांवर त्याचं घरदार उभं असतं. आणि आपल्याला थांबवायचा अधिकार असेल, तर जिंकायच्या लोभाने गप्प बसू नका. आमच्या बापांना एक शब्द जड झाला, बाकी काही नाही.

योपी चालेल का पुन्हा नीट? नाही. वायसेला आणि हातुमेरी पूर्वीसारखी होतील का? मला माहीत नाही. त्या दिवशी मी एवढंच पाहिलं की रिफाई अगदी वर, शेंड्यापाशी पोचला होता, आणि योपी कुबडी टाकून, मला धरून उभा राहिला होता.

"डावीकडची फांदी ठिसूळ आहे!" तो खालून ओरडला. "जपून पाय ठेव रे!"